शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी डोंगरी येथे केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला आज दोन शब्द बोलावयास सांगितले. विषय कोणता, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, तुम्हाला विषय का सुचवावा लागतो? शेजारधर्मावर बोला." मला विषय अगदी सोपा वाटला. वाटीभर साखर, आजारपणात पेज, लग्नाकार्यात हातभार, झाले भाषण! पण रात्री टिपण करावयास बसले आणि लेखणी पुढे सरकेना. कारण शेजारधर्म म्हटला की मला तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवते आणि त्या गोष्टीत माझी शोभा नाही. ती टाळून शेजारधर्मावर बोलणे म्हणजे ढोंग होईल. म्हणून आधी तीच सांगते.

१९९३ सालचा जानेवारी महिना. मी मुंबईच्या एका शाळेत शिकवीत होते. डोंगरीहून बसने मोर्वा, राई, मुर्धा करीत भाईंदर गाठायचे आणि तेथून गाडी पकडायची, हा रोजचा क्रम. शाळेत शिवण शिकविणाऱ्या एक बाई होत्या. मुसलमान, मूळच्या रत्नागिरीकडच्या. घरी कोकणी मराठी बोलत, आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढीत. आम्ही एका टेबलावर डबा खात असू. माझ्या डब्यातले सुके बोंबील त्यांना आवडत आणि त्यांच्या सांदणांवर माझा डोळा असे.

मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत काय झाले ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ असे की ज्यांची ओळखच पटली नाही. बाईंच्या चाळीतील सगळे मुसलमान बिऱ्हाड सोडून निघून गेले होते. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या नातेवाइकांच्या एका खोलीत अकरा माणसांत राहत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या गावात एखादी खोली मिळेल का? दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. आई आहे, मुले आहेत. भाडे देईन."

आमच्या घरी पडवीलगतची खोली तेव्हा रिकामी होती. दीर नोकरीनिमित्त परगावी गेल्यापासून तिच्यात कांद्याच्या गोणी होत्या, दुसरे काही नाही. मी म्हटले, "सासूबाईंना विचारून सांगते."

आणि भगिनींनो, मी सासूबाईंना विचारलेच नाही. दोन दिवसांनी शाळेत जाऊन सांगितले, "घरी जमत नाही म्हणतात." बाईंनी एवढेच म्हटले, "असू दे, तुम्ही विचारलेत हेच पुष्कळ." हे वाक्य मला अजून टोचते.

मी का विचारले नाही? माझ्या मनात त्यांच्याविषयी किल्मिष होते का? मुळीच नव्हते. मला भीती वाटली ती गावाची. लोक काय म्हणतील, आळीत काय चर्चा होईल, उद्या काही झाले तर आपल्या दारावर येईल. पण ज्या लोकांची मी भीती घेतली त्यांच्यापैकी एकाही माणसाने मला त्याबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता! मीच त्यांच्या वतीने ठरवून मोकळी झाले. पुष्कळ वर्षांनी, सासूबाई अंथरुणाला खिळल्या असताना, मी त्यांना ही हकिगत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, खोली तर रिकामीच होती. लेकरं झोपली असती. मला एकदा विचारायचं तरी." माझे उत्तर सासूबाईंच्या नावावर गेले होते, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मला वाटते, दुजाभाव पुष्कळदा असाच चालतो. द्वेष करणारी माणसे थोडी असतात. पण "माझे काही नाही हो, लोकांना चालणार नाही" असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ असतात, आणि त्यांच्या जोरावर त्या थोड्यांचे फावते. घरमालक म्हणतो सोसायटीला चालणार नाही, सोसायटी म्हणते सभासदांना चालणार नाही, आणि सभासद म्हणतात आम्हाला कोणी विचारलेच नाही.

हे आपल्याला परके आहे असे समजू नका. माझी मुलगी लग्नानंतर भाईंदरकडे जागा पाहत होती. एका इमारतीत जागा पसंत पडली, भाडे ठरले, आणि शेवटी दलालाने विचारले, "मासे खाता का?" ती म्हणाली, "आम्ही डोंगरी-उत्तनकडची माणसे, मासे नाही तर काय खाणार?" झाले, जागा गेली. त्या रात्री घरात केवढा संताप! आमची घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या, आणि आम्हालाच जागा नाही? मीही तावातावाने बोलत होते. बोलता बोलता एकदम पडवीलगतची खोली आठवली आणि माझी जीभ अडखळली. आपल्याला निदान मासे खाता का एवढेच विचारतात. मुसलमान बाईला नुसते नाव विचारतात, आणि नाव तर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवता येत नाही.

आता काही भगिनी मनात म्हणत असतील की, "बाई, ती माणसे आपापल्या वस्तीत एकत्रच राहतात, त्यांनाच तसे आवडते." हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. आपल्या बाईंचेच पाहा. मी नाही म्हटले, आणखी दोघींनी नाही म्हटले, तेव्हा त्यांनी दागिने मोडून मीरा रोडला, नयानगरात, छोटीशी जागा घेतली. त्या सांगतात, सुरुवातीला पाणी टँकरने येई आणि पावसाळ्यात चिखलातून चपला हातात घेऊन स्टेशनवर जावे लागे. त्या दंगलींनंतर मुंबईतील हजारो मुसलमान कुटुंबे अशीच मुंब्र्याला आणि मीरा रोडला आली. काही नातलगांजवळ आली, काही भाडे परवडले म्हणून आली, आणि फार मोठा भाग दुसरीकडे दारे बंद झाली म्हणून आला. आधी आपण दार लावायचे आणि मग म्हणायचे की पाहा, ती माणसे आपल्यात मिसळत नाहीत! याला काय म्हणावे?

दुसरा आक्षेप असा की, ते मागासलेले आहेत, शिकत नाहीत. केंद्र सरकारने नेमलेल्या सच्चर समितीने २००६ साली याचा हिशेब मांडला. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुसलमान १३.४ टक्के होते. साक्षरता देशात सरासरीने ६५ टक्के, त्यांच्यात ५९ टक्के. प्रशासकीय सेवेत ते ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के. आपल्या सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव येते. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. मुलींच्या शिक्षणाच्या त्या पहिल्या धडपडीत एक मुसलमान स्त्री सावित्रीबाईंबरोबर होती, हे आपण महिला मंडळवाल्यांनी तरी विसरू नये.

तिसरा आक्षेप त्यांच्या बायकांविषयीचा. "त्यांच्यात तलाकची केवढी भीती!" होय, होती, आणि त्या अन्यायाविरुद्ध प्रथम त्यांच्यातूनच आवाज उठला. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. सात! आपल्या मासिक सभेला पाऊस असला तरी याहून अधिक बायका येतात. त्याच दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक रद्द ठरविला, तोही मुसलमान स्त्रिया स्वतः न्यायालयात गेल्या म्हणून. ज्या समाजात अशा बायका आहेत त्या समाजाला एका शब्दात निकालात काढणे म्हणजे त्या बायकांनाही निकालात काढणे होय.

आणि मराठीपणाचे म्हणाल तर श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतकवी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या डफावर सभा डोलत, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. १ मे १९६० रोजी जे राज्य आपल्याला मिळाले त्यात त्यांच्याही घशाची मेहनत आहे.

मी एकच बाजू सांगते असे कोणी म्हणू नये. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोट झाले आणि २५७ निरपराध माणसे मेली. ते घोर पाप होते. ज्यांनी ते केले त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या. धर्माच्या नावावर माथी भडकविणारे त्यांच्यातही आहेत. परंतु ज्याचा गुन्हा त्याला शिक्षा, हा न्याय आपण आपल्या मुलाला लावतो ना? वर्गात एकाने शाई सांडली म्हणून मी सगळ्या बाकाला कधी उभे केले नाही.

आता अफवेविषयी थोडे. पूर्वी अफवा पाणवठ्यावर पसरे, हल्ली ती हातातल्या फोनवर येते. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० च्या रात्री मुले पळविणारे समजून जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांना ठार मारले. अफवेने तीन जीव घेतले. आणि लगेच दुसरी अफवा निघाली की मारणारे मुसलमान होते. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतील १०१ जणांची यादी प्रसिद्ध करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. त्याच दिवसांत करोना मुसलमान पसरवितात असा बोभाटा झाला आणि ठिकठिकाणी भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठविले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि संकटाच्या वेळी त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे दिसते असे म्हटले. निकाल आला, पण परत पाठविलेल्या त्या भाजीवाल्याची भाजी केव्हाच सडून गेली होती.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात झालेला आहे. भिवंडीत १९७० साली आणि १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या नेमल्या, अशा सुमारे ७०. पुढाऱ्यांना मानाचे स्थान देण्याऐवजी साधी माणसे घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांनी नियमाने एकत्र बसायचे आणि नळ, गटार, भांडण, जे असेल ते बोलायचे. शांतता असताना बसायची सवय लागली, म्हणून अशांततेच्या वेळी एकमेकांचे दार ठाऊक होते. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली, पण जिचे नाव घेताच लोकांना दंगल आठवे ती भिवंडी शांत राहिली.

पुढे मुंबईतही तसे काम उभे राहिले. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांसाठी खस्ता खाल्ल्या. आपल्या बेटाला धारावी बेट म्हणतात. मुंबईतल्या त्या दुसऱ्या धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या दोन मित्रांनी चार धर्मांच्या पोशाखांतील चार मुलांचे एक चित्र छापून घेतले आणि भिंतोभिंती लावले. एक शाळेत कारकुनी केलेले गृहस्थ, दुसरे कपडे शिवून विकणारे. त्यांच्याजवळ ना सत्ता होती ना पैसा.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपल्या शिवणवर्गाच्या बाई कोण, हे तुम्ही एव्हाना ओळखलेच असेल. होय, त्याच. आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर मीच त्यांना मंडळात आणले. त्या तापट आहेत. वाकडी शिवण दिसली की सगळ्यांदेखत उसवायला लावतात, आणि निम्म्या वर्गाने त्यांची तक्रार माझ्याकडे केलेली आहे.

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी, नयानगरात झेंडे लावलेल्या गाड्यांतून आलेली माणसे आणि तेथील काही माणसे यांच्यात मारामारी झाली, काहींना लागले. पुढच्या दिवसांत मीरा रोडला मुसलमानांची दुकाने व वाहने फोडली गेली. २३ जानेवारीला महापालिकेने त्या भागातील काही बांधकामे बेकायदेशीर म्हणून यंत्राने पाडली. आपली कार्यकारिणी त्या आठवड्यात बसली. एका भगिनीने सुचविले की शिवणवर्ग काही दिवस बंद ठेवू, बाईंच्याच भल्यासाठी. कोणाचा हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मला ऐकू आले माझेच १९९३ सालचे वाक्य: "घरी जमत नाही म्हणतात."

मी एवढेच म्हटले, "त्यांना स्वतःला आधी विचारू या." या वेळी विचारायचे राहू द्यायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीजणी त्यांच्या घरी गेलो. रस्त्यात बरीच दुकाने बंद होती. त्यांनी चहा केला. आम्ही वर्गाचे विचारले तर म्हणाल्या, "वर्ग कशाला बंद? ब्लाऊजच्या बाह्या अर्ध्यावर राहिल्या आहेत तुमच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त बस थांब्यावर कोणीतरी न्यायला या. आणि परत जाताना बस येईपर्यंत थांबा." बस, एवढेच मागितले. त्यानंतर दोन महिने आपल्या भगिनींनी पाळ्या लावून घेतल्या. जिने वर्ग बंद ठेवण्याचे सुचविले होते तिची पाळी पहिली होती, आणि ती वेळेआधी पंधरा मिनिटे थांब्यावर उभी होती. त्या दोन महिन्यांत गावातील एकाही माणसाने वावगा शब्द काढला नाही. तीस वर्षांपूर्वी तरी कोणी काढला असता का, हे मला आता कधीच कळणार नाही.

मग आपण काय करावे? मोठे काही सांगत नाही. घरात खोली रिकामी असेल आणि कोणी मागावयास आले तर माणूस पाहावा, कागदपत्रे पाहावीत, भाडे ठरवावे; नावावरून नाही म्हणू नये. फोनवर कोणत्याही समाजाविषयी भडक मजकूर आला तर तो आपल्याजवळच थांबवावा, पुढे पाठवू नये. मुलांच्या देखत "ते लोक" असे बोलणे सोडावे. मूल शाळेत जाऊन तेच शब्द शेजारच्या बाकावरील मुलाला ऐकविते, हे मी वर्गात पाहिलेले आहे. आणि दुसऱ्यांच्या नावावर नकार देऊ नये. सासूबाईंना, नवऱ्याला, सोसायटीला, गावाला आधी खरोखर विचारावे. कदाचित ते हो म्हणतील. नाही म्हणाले तर निदान वाद तरी घालता येईल.

अध्यक्षबाई, माझा एक ठराव समजा, नाही तर विनंती समजा. बाईंचे गुडघे आता दुखतात. बसने भाईंदर, तेथून गाडीने मीरा रोड, मग पुढे चालणे, हे त्यांना फार दिवस झेपणार नाही. आमची पडवीलगतची खोली अजून आहे. आठवड्यातून वर्गाच्या दोन दिवसांसाठी त्यांनी तेथे मुक्काम करावा असे मी त्यांना म्हटले आहे. त्या म्हणाल्या, "आधी घरी विचारा." मी विचारले. मुलाने आणि सुनेने होकार दिला आहे, आणि कांद्याच्या गोणी गेल्या रविवारी बाहेर काढल्या. आता आळीतील आपण सगळ्याजणी येथे बसला आहात, म्हणून आज तुम्हालाही विचारते.